पोटातले गालात

स्वतःच्या निधनाची वार्ता स्वतःच्या कानाने ऐकण्याचा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. दुसरबीडच्या जानराव सरकटे यांच्या वाट्याला तो ऐन वाढदिवसाच्या दिवशी, भर दुपारी, गोदामात मांडवाचे बांबू रचता रचता आला.

फोन प्रेमानंद तायडे यांचा होता. हे मलकापूरचे गृहस्थ. यांचा चिरंजीव देवानंद हा रेल्वेत कामाला, आणि जानरावांची कन्या मंजुश्री हिच्याशी त्याचे लग्न ठरण्याच्या बेतात होते. त्याच दिवशी तायडे कुटुंब तारीख काढण्यासाठी दुसरबीडला यायचे होते. घरी पुरणाचा घाट घातलेला होता. जानरावांनी फोन उचलला, तर पलीकडचा आवाज अतिशय ओला.

"जयभीम. घरचं कोनी मोठं मानूस हाये का जवळ?"

"मीच हाव. बोला ना."

"काय बोलावं बाप्पा! आमी दुसरबीडच्या फाट्यावर आलो, फलक पाह्यला अन् गाडी तशीच वापस फिरवली. आता चिखलीत हाव. दुःखाच्या घरी सोयरीक बोलनं बरं दिसत नाई. कवा गेले जानराव?"

"कुठी गेले?"

"म्हंजे... वारले कवा?"

"अहो इवाई, मीच जानराव बोलून राह्यलो!"

चिखलीच्या बाजाराच्या गलबल्यात प्रेमानंदरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग हळूच प्रश्न आला, "नक्की?"

आता यात प्रेमानंदरावांचा दोष होता, असे न्यायबुद्धीने म्हणता येणार नाही. मित्रमंडळाने फाट्यावर जानरावांच्या वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स लावला होता. वाऱ्याने त्याचा वरचा पट्टा मागे दुमडला, आणि त्या पट्ट्याबरोबर 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' ही अक्षरेही मागे गेली. उरले काय? जानरावांचा फोटो, खाली नाव, आणि त्याखाली 'समस्त मित्रमंडळ, दुसरबीड'. तरीही एखाद्या टवटवीत चेहऱ्याच्या माणसाला हे निभावून नेता आले असते. जानरावांचा चेहरा मात्र अशा प्रसंगासाठीच घडवलेला वाटे. दोन्ही गाल आत गेलेले, गालफडांची हाडे तंबूच्या खुंट्यांसारखी वर आलेली आणि डोळे खोल. वास्तविक प्रकृती ठणठणीत. आयुष्यात कधी सलाईन लागले नव्हते. पोट तर असे की सदऱ्याची मधली गुंडी सदैव संकटात असे. निसर्गाने माल बरोबर पाठवला होता, फक्त उतरवण्याचे ठिकाण चुकले होते.

झाला प्रकार हसण्यावारी गेला असता. परंतु प्रेमानंदरावांच्या पत्नी रेणुकाबाई यांच्या मनात तो फोटो घर करून बसला. चार दिवसांनी प्रेमानंदरावांचा पुन्हा फोन आला.

"इवाई, राग नका मानू. आमची मंडळी म्हनते, एवढे गाल बसलेला मानूस आतून पोखरलेला असते. उद्या बापाचं दुखनं पोरीत निघालं तं? म्हनून म्हनते, दिवाळी होऊ द्या. तवरिक तुमचंबी काय ते कळन."

"माहं काय कळाचं हाये?"

"तेच तं," प्रेमानंदराव अत्यंत सहानुभूतीने म्हणाले.

जानरावांच्या जिवावर जणू धोंडा पडला. 'मंजुश्री मंडप डेकोरेशन' हा त्यांचा व्यवसाय. पंचक्रोशीतल्या किती लेकींच्या डोक्यावर त्यांनी मांडव उभा केला होता! आणि स्वतःच्या लेकीचा मांडव स्वतःच्या गालांपायी अडावा?  मंजुश्री ताटावर बसली की भाकरीचा एकच तुकडा बोटांत फिरवीत राही, आणि ते बापाला पाहवत नसे.

गावात केशकर्तनालय चालवणारे भागवत हे जानरावांचे जिवलग. जानरावांची दाढी करणे हे अवघड काम. वस्तरा खळग्यात उतरत नसे, म्हणून भागवत दरवेळी "फुगवा" म्हणत आणि जानराव गालात हवा भरून धरीत. त्या दिवशी फुगवलेला गाल पाहता पाहता भागवतांचा वस्तरा हवेतच थांबला.

"जानरावभाऊ, असेच राहाता आलं पाह्यजे तुमाले."

जानरावांनी हवा सोडली. "श्वास कोन घेईन मंग?"

"हवा नाई हो. चरबी! संभाजीनगरले माहा साडू जिथी कामाले हाये, तिथच्या मालकिनीनं केलं. पोटातली चरबी काढते अन् गालात भरते. आपलीच चरबी, आपलाच गाल. परकं काहीच नाई."

जानराव आरशात पाहत राहिले. मग त्यांनी पोटावर हात ठेवला, मग गालावर. दोन गावांमध्ये रस्ता होणार असल्याची बातमी ऐकावी तसा त्यांचा चेहरा झाला.

"पन भागवत, हे कोनाले कळालं नाई पाह्यजे. मलकापूरले कळालं तं म्हनतीन, तोंड भरून आमाले फसवलं."

"माह्या पोरायची आन! माह्या तोंडून शब्द निघनार नाई."

आणि वाचकहो, भागवतांनी ही आण अक्षरशः पाळली. पुढचा सर्व अनर्थ त्यामुळेच घडला.

पत्नी केसरबाई यांना हे पटवणे सोपे गेले नाही. "लोकं पोट कमी कराले जाते, तुमी पोट तोंडावर नेऊन राह्यले," त्या म्हणाल्या. "लेकीसाठी करून राह्यलो," असे जानराव म्हणताच मात्र त्यांनी मुकाट्याने पिशवी भरली.

संभाजीनगरच्या त्या दवाखान्यात काचेचे दार आपोआप उघडत असे. डॉक्टरीणबाई तरुण आणि मृदुभाषी होत्या.

"काका, घाबरू नका. पूर्ण बेशुद्ध करणार नाही. शिरेतून हलकी भूल देऊ, आणि पोट व गाल इंजेक्शनने बधिर करू. तुम्ही गुंगीत असाल. हाक मारली तर ओ द्याल, पण नंतर त्यातले फारसे आठवणार नाही. बारीक नळीने पोटाची चरबी काढू, स्वच्छ करू आणि थेंबाथेंबाने गालात सोडू. मात्र त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सही करायची नाही, कसलाही व्यवहार बोलायचा नाही."

"फोन?"

"फोनसुद्धा बाजूला ठेवा. गुंगीतला माणूस काय बोलेल याचा नेम नसतो."

केसरबाईंनी विचारले, "बाई, ते चरबी तं पोटाचीच राह्यली. मंग हे जास्त जेवले तं गाल फुगतीन का?"

"वजन वाढले तर तिथेही थोडे वाढेल."

"म्हंजे आता चोरून खाल्लं तं तोंडावर दिसन," केसरबाई म्हणाल्या, आणि या शस्त्रक्रियेविषयी त्यांना प्रथमच आस्था वाटली.

हलक्या भुलीचा अनुभव जानरावांना पुढे कधीच धड सांगता आला नाही. छताचा दिवा आपल्याच मांडवातल्या हॅलोजनसारखा दिसला, कोणीतरी "काका, बरे वाटते ना?" असे विचारले, आणि त्यानंतरचा सगळा दिवस कोणी कात्रीने कापून न्यावा तसा नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आरसा मागितला. आरशात एक परका इसम होता. त्याचे गाल कानांपर्यंत सुजलेले, डोळ्यांच्या फटी झालेल्या, आणि हनुवटीपर्यंत जांभळट-हिरवे डाग उतरलेले. पोटावर पट्टा आवळलेला, आणि आत असा ठणका की जणू कोणी मुसळाने कांडले आहे.

"सूज आहे. दोन-तीन आठवड्यांत उतरेल," डॉक्टरीणबाईंनी धीर दिला. "काही चरबी शरीर शोषून घेईल, बाकीची राहील. तोवर गाल दाबायचे नाहीत, फार बोलायचे नाही, आणि हसायचे तर मुळीच नाही."

हसण्याचा प्रश्न तसाही उरलेला नव्हता.

गाडी दुसरबीडात शिरली. सूज उतरेपर्यंत माडीवर गुपचूप पडून राहण्याचा जानरावांचा बेत होता. परंतु घराच्या वळणावर येताच त्यांनी खिडकीबाहेर डोके काढले. घरापुढे मांडव उभा होता. त्यांचाच मांडव! खाली त्यांच्याच खुर्च्या, आणि खुर्च्यांवर गाव.

त्यांचा जुना कामगार कडूबा पुढे धावला. "मालक, लोकं तुमाले भेटाले आले अन् उनात बसले व्हते. म्हनून म्या मांडव टाकला."

"लोकं काऊन आले?" जानराव ओठ न हलवता म्हणाले.

"पहिले पाच-सहाच व्हते. मांडव पाह्यला अन् मंग बाकीचे आले."

झाले होते ते असे. जानराव कुठे गेले, असे दुकानात कोणीही विचारले की भागवत वस्तरा खाली ठेवीत, मान घालीत आणि म्हणत, "संभाजीनगरले नेलं. कशाले ते मले नका इचारू. मी आन घेतली." आता दवाखान्याची गोष्ट आणि वर आण! एवढ्यावरून माणसाने काय समजावे? आपल्या भागात आजाऱ्याला भेटायला जाणे हे लग्नाला जाण्याहून महत्त्वाचे; लग्न चुकले तर आहेर पाठवता येतो, आजाऱ्याला भेटायचे राहून गेले तर आयुष्यभर ऐकून घ्यावे लागते. म्हणून केळी आली, शहाळी आली, ग्लुकोजची बिस्किटे आली.

जानराव उतरले. त्यांचे तोंड पाहताच मांडवातले लोक खुर्च्यांवरून उठून उभे राहिले.

"किडनी," एक जण हलकेच म्हणाला. "तोंडावर सूज आली की किडनीच राह्यते."

"माहे मामा असेच सुजले व्हते," दुसऱ्याने दुजोरा दिला, आणि मामांचे पुढे काय झाले हे सांगण्याचे टाळले.

"काही नाई झालं हो त्याइले," केसरबाई कळवळून म्हणाल्या.

"नाई ना, काहीच नाई," सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. जिथे खरोखरच काही झालेले नसते, तिथे घरची माणसे आजाराचे नाव घेतात. "काही नाही" हे उत्तर फक्त शेवटच्या पायरीवर दिले जाते, हे सर्वांस ठाऊक होते.

असे दिवस लोटले. जानराव माडीवर पडून असत आणि माणसे रांगेने येऊन पायथ्याशी बसत. एक जुने गिऱ्हाईक तर जन्मात प्रथमच उधारी चुकती करून गेले आणि जाताना पायाला हात लावून गेले. ही गोष्ट जानरावांच्या मनाला सर्वांत अधिक लागली. अखेर एके दिवशी न राहवून त्यांनी कडूबाला जवळ बोलावले.

"कडूबा, तुले खरं सांगतो. मले काही झालं नाई. म्या पोटातली चरबी काढून गालात भरून घेतली."

कडूबाने त्यांच्या पायांवरचे पांघरूण नीट केले. मग तो खाली गेला आणि गदगदल्या आवाजात मांडवात सांगू लागला, "आता डोक्यात बी गेलं."

त्याच आठवड्यात मलकापूरची गाडी दारात थांबली. प्रेमानंदराव आणि रेणुकाबाई जिना चढून वर आले. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्यांनीच हे तोंड पाहावे! जानरावांनी डोळे मिटून घेतले. आता सोयरीक मोडल्याचे शब्द तेवढे ऐकायचे राहिले होते.

"इवाई," प्रेमानंदराव म्हणाले, "त्या दिवशी फोनवर तुमी जे बोलले, त्यानं आमाले झोप नाई."

जानरावांनी डोळे उघडले. "मी? फोनवर?"

केसरबाईंना एकदम आठवले. दवाखान्यात त्या चहा आणायला खाली गेल्या होत्या, आणि फोन उशाशीच राहिला होता.

"तुमाले दवाखान्यात नेलं असं कानावर आलं, म्हनून म्या फोन लावला. म्हनलं, जानराव कसे हायेत? तं तुमी इचारलं, कार्यक्रम कोनाचा? मी म्हनलं, अहो, जानरावचं इचारून राह्यलो. तं तुमी म्हनले, हाव का, जानरावचा कार्यक्रम? मंग घरचंच काम हाये. पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्या लावू. लाइटिंग नको."

 गुंगीत जानरावांनी स्वतःच्याच पुण्यानुमोदनाची, म्हणजे मरणोत्तर कार्यक्रमाची, ऑर्डर घेतली होती.

"मी बी आयकत व्हती," रेणुकाबाई म्हणाल्या. "मंग तुमी म्हनले, गोदामात वरच्या फळीवर सोनेरी झालरीचा मांडव हाये. मंजूसाठी घेतला. कोनालेच किरायानं देल्ला नाई. दर महिन्याले उलगडून पाहातो, उंदीर तं नाई लागले, अन् पुन्हा बांधून ठेवतो. मी नसलो तरी तेवढा लावून घेजा." त्यांनी नाक पुसले. "दादा, आमी तुमच्या तोंडाकडे पाह्यलं, मानसाकडे नाई पाह्यलं. आता दिवाळी नाई न् काही नाई. येत्या पौर्णिमेले लगन. तुमच्या डोळ्यानं पाहून घ्या."

 अशा भल्या माणसांना अंधारात ठेवावे? जानराव उठून बसले. "विहीनबाई, तुमाले एक खरं सांगाचं हाये. मले झालेलं हे जे हाये ना, ते..."

तोच केसरबाईंनी पांघरुणाखालून त्यांच्या पोटाला, बरोबर चरबी काढलेल्या जागी, करकचून चिमटा घेतला. जानरावांच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की प्रेमानंदराव उठून उभे राहिले.

"नका बोलू, नका बोलू!" रेणुकाबाई रडू लागल्या. "लय तरास हाये हो त्याइले!"

पाहुणे जिना उतरून गेल्यावर केसरबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या. "खरं सांगसान तं लगन मोडन. आता मरून राह्यले ना, तसेच राहा पौर्णिमेपर्यंत."

येणेप्रमाणे, निरोगी दिसण्यासाठी एवढ्या यातना भोगलेल्या जानरावांवर मरणोन्मुख दिसण्याची जबाबदारी येऊन पडली. आणि तीही त्यांना जमेना. सूज दिवसागणिक उतरत चालली. डाग गेले. भेटायला येणाऱ्यांची केळी घरात मावत नव्हती आणि मनस्तापाने भूक वाढली होती. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यांनी आरशात पाहिले. आतमध्ये एक गोल, गुटगुटीत, दहा वर्षांनी लहान असा गृहस्थ होता. त्याच्या गालांवर चक्क लाली होती. असा चेहरा जानरावांना ऐन तारुण्यातही मिळाला नव्हता, आणि तो आता कोणाला दाखवण्याची सोय राहिली नव्हती. आपल्या लेकीच्या लग्नात आपण कोणत्या तोंडाने उभे राहावे, या विचाराने ते खाटेवर बसून मुकाट्याने रडले.

लग्नाच्या दिवशी सोनेरी झालरीचा मांडव उभा राहिला. एकही भोक पडलेले नव्हते. मंजुश्री पांढऱ्या साडीत आली, देवानंद पांढऱ्या सदऱ्यात, आणि भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिले. जानराव डोळ्यांपर्यंत मफलर गुंडाळून खुर्चीत कण्हत बसले होते. लेकीच्या गळ्यात हार पडला त्या क्षणी मात्र त्यांनी भान विसरून टाळी वाजवली आणि मफलर गळून खाली पडला.

रेणुकाबाई समोरच उभ्या होत्या. त्यांनी पाहिले आणि पाहतच राहिल्या. केसरबाई मफलर उचलायला धावल्या.

"मायबाई!" रेणुकाबाई म्हणाल्या. "हे तं बरे झाले! पाहा हो, पोरीची काळजीच व्हती यांच्या गालात."

मांडवभर आनंद झाला. प्रेमानंदरावांनी मिठी मारली. फक्त भेटून गेलेल्या गावकऱ्यांपैकी काहींच्या चेहऱ्यावर, आपली केळी वाया गेल्याची भावना दिसली. जानरावांना मात्र गुन्हा करून सुटलेल्या माणसासारखे वाटू लागले आणि ते एकटेच बाहेर, मांडवाच्या दाराशी येऊन उभे राहिले.

दाराशी मित्रमंडळाने स्वागताचा फ्लेक्स लावला होता. दुकानदाराच्या संगणकात जानरावांचा एकच फोटो होता, तोच पुन्हा छापलेला, बसलेल्या गालांचा. कडूबाजवळ झेंडूची एक माळ उरली होती. वाया जाऊ नये म्हणून त्याने ती फोटोवर चढवली होती.

इतक्यात एसटीने उशिरा आलेली एक वृद्ध बाई हळूहळू तिथे पोहोचली. ती प्रेमानंदरावांची आत्या. तिने जानरावांना यापूर्वी पाहिलेले नव्हते, आणि वाचता तिला येत नव्हते. हार घातलेला फोटो पाहून ती थबकली. पिशवी खाली ठेवून तिने हात जोडले.

"आयकलं व्हतं, पोरीचा बाप लय आजारी हाये म्हनून," ती जानरावांना म्हणाली. "राह्यला नाई म्हना."

जानरावांनी आत पाहिले. आत टाळ्या वाजत होत्या, फोटो काढणे चालले होते, मंजुश्री हसत होती. आता पुन्हा चरबी, पुन्हा नळी, पुन्हा हलकी भूल, हे सारे मुळापासून सांगायचे? त्यांच्या अंगात त्राण उरले नव्हते.

"नाई राह्यला, आत्याबाई."

"तुमचा कोन व्हता?"

जानरावांनी फोटोवरची माळ सरळ केली.

"मोठा भाऊ."

"तरीच. तोंडावर थोडं हाये तुमच्या. पन तुमी भरल्या अंगाचे. त्या बिचाऱ्याले खायाले-प्याले भेटलं नसन." म्हातारीने उसासा टाकला. "लेकीचं लगन पाहाले पाह्यजे व्हता."

"लय इच्छा व्हती त्याची," जानराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच भरून आला.

आत्याबाईंनी मायेने त्यांचा गाल दाबला. जानराव जागच्या जागी कळवळले. तिला ते दुःख वाटले.

"सोताले सांभाळा भाऊ. आता पोरीले तुमीच हाये."

"हाव. पंगत बसून राह्यली, आत्याबाई. जेवून घ्या."

परंतु ती हलेना. हात जोडून तशीच फोटोपुढे उभी राहिली, आणि एका डोळ्याने त्यांच्याकडे पाहू लागली. शेजारी भाऊ उभा असून नुसताच पाहत राहावा, हे तिला विचित्र वाटले असावे. म्हणून जानरावांनीही सदरा नीट केला, फोटोकडे तोंड केले आणि हात जोडले.